खडीवर वाचलेली जगबुडी

किस्से हरभऱ्याच्या भाजीसारखे असतात. वरचा शेंडा खुडला की खाली चार फुटवे येतात. परवा आमच्या वाचनखोलीतल्या पोरी म्हणाल्या, "गयाक्का, तुम्ही नुसत्या सांगता. लिहीत का नाही?" मी म्हणलं, लिहिते की! भीती आहे का कुणाची? शाळेची पायरी मी पहिल्यांदा चढले ती साठी उलटल्यावर, आणि तीही झेंडावंदनाची पाहुणी म्हणून! माझ्याजवळ जे काही अक्षर आहे ते खडी फोडून कमावलेलं आहे.

या पोरींना एकाच तऱ्हेच्या पुस्तकांचं वेड. जग बुडालं, शहरं ओस पडली, चार पोरं उरली आणि आता ती कशी जगणार! शहाणी माणसं मला विचारतात, "कोवळ्या वयात हे असलं काय आवडतं हो यांना?"

ज्यांना हा प्रश्न पडतो त्यांनी बहात्तरच्या दुष्काळात आमच्याबरोबर खडी फोडायला यायला पाहिजे होतं.

*

ईट गावाकडं जाणाऱ्या रस्त्याचं दुष्काळी काम निघालं होतं. आमची बारा बायकांची टोळी. त्यात कमल नावाची एक पोरगी होती. बौद्ध वस्तीतली, सातवीतून उठून आईबरोबर खडीवर आलेली. अंगानं काडी, पण वाचायला बसली की आवाज घंटेसारखा.

त्या साली शहरातल्या लोकांनी आमच्यासाठी जुन्या कपड्यांची गाठोडी पाठवली होती. एका फ्रॉकच्या घडीत एक पुस्तक निघालं. पुठ्ठा नाही, नाव नाही. फ्रॉकवर सगळ्याजणी तुटून पडल्या. पुस्तक कमलनं घेतलं.

दुपारी कामावर मिळणारी सुकडी खाताना तिनं पहिलं पान वाचलं. मोठं धुळीचं वादळ आलं, आठ दिवस हटलं नाही, आणि जग संपलं. उरली चार पोरं. थोरली तेरा वर्षांची मुलगी, तिच्या पाठची दोन, आणि एक शेंबडं. शिवाय एक कुत्रं.

सुट्टी संपली. कमल हातोडा घ्यायला उठली तर रखमाआत्या गरजली, "बस खाली! त्या पोरांचं काय झालं ते सांग आदी."

"अन् माझी खडी?"

मग आम्ही सावड केली. सावड म्हणजे पेरणीला आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या. तसंच. कमलनं वाचायचं आणि अकराजणींनी आपल्या खडीतली एकेक पाटी तिच्या ढिगावर टाकायची.

संध्याकाळी मुकादम माप घ्यायला आला. सगळ्यांच्या ढिगांत कमलचा ढीग मोठा! आम्ही धुळीनं पांढऱ्याफटक, आणि ती नुकतीच न्हाऊन आल्यासारखी स्वच्छ.

मुकादम तिच्याकडं बघतच राहिला. मग आमच्यावर ओरडला, "बघा, शिका जरा! शेंबडी पोर तुमच्यापेक्षा जास्त फोडतीया, अन् अंगाला धूळसुदीक लागू देत न्हाय!"

*

रखमाआत्या मेंढरं राखणाऱ्या घरातली. टोळीत वयानं मोठी, जिभेनं त्याहून मोठी. तिला पुस्तकातली एक गोष्ट पहिल्या दिवसापासून खटकत होती.

पोरं एका ओसाड दुकानात शिरतात, डबे फोडून खातात. पुढच्या गावात जातात, तिथं तांदूळ सापडतो, रांधून खातात.

"थांब," आत्या म्हणाली. "रांदला कसा?"

"रांधला एवढंच लिहिलंय, आत्या."

"जळण कुठनं आणलं? चूल कशाची केली? काडीपेटी व्हती का न्हाय? अन् भांडं कुणी घासलं?"

कमलनं मागची दोन पानं उलटून पाहिली. "त्यातलं काहीच न्हाय लिवलं."

आत्यानं हातोडा खाली ठेवला आणि आमच्याकडं बघून निकाल दिला, "लिवणारा बापय हाय. जग बुडालं तरी ह्येला ताटावर बसूनच ठावं!"

*

चौथ्या-पाचव्या दिवशी कुत्रं मेलं. पोरांना वाट दाखवून, त्यांच्या वाटणीचं काही न खाता, झोपेतच गेलं.

त्या साली रखमाआत्याची निम्मी मेंढरं गेली होती. तेव्हा तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आणि आता पुस्तकातल्या कुत्र्यासाठी ती पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडायला लागली. तिचं बघून मी, माझं बघून बाकीच्या. हातोडे चालूच, आणि बारा बायका रडतायत!

नेमकी त्याच वेळी साहेबाची जीप आली. साहेब नवा होता, पोरसवदा, मनानं भला. खाली उतरून घाबरून म्हणाला, "बाई, काय झालं? कुणी त्रास दिला का?"

मी म्हणलं, "न्हाय सायेब. कुत्रं मेलं."

"कुणाचं?"

"त्या पोरांचं."

"कुठल्या पोरांचं?"

"जग बुडालं न्हाय का? त्यातनं वाचलेल्या पोरांचं!"

साहेबानं खिशातनं वही काढली. मग मुकादमाकडं वळून एकदम कडक आवाजात म्हणाला, "जग कधी बुडालं? मला रिपोर्ट का केला नाही?"

*

पुस्तकातल्या पोरांचा एक नियम होता. पाणी सापडलं की सगळ्यात लहान आधी, सगळ्यात मोठं शेवटी. थोरली मुलगी कायम शेवटी प्यायची.

आमच्याकडं चार दिवसांआड टँकर यायचा. टँकर आला की काय व्हायचं ते सांगत नाही. घागरीनं घागर फुटायची, झिंज्या हातात यायच्या. त्यातल्या दोन झिंज्या माझ्या हातात आलेल्या आहेत. कुणाच्या ते सांगणार नाही!

एक दिवस टँकर दिसल्याबरोबर कमल धोंड्यावर चढून ओरडली, "पुस्तकातला नियम! लहान आदी!"

आणि काय झालं कुणास ठाऊक, आमच्या टोळीच्या बायका जागच्या जागी थांबल्या. जिच्या घरी सगळ्यात तान्हं लेकरू ती पुढं. मग पाळण्यातली, मग रांगणारी. आमचं बघून गावातल्या बाकीच्याही, आधी लाजून आणि मग सवयीनं, तशाच लागल्या. रखमाआत्याच्या घरी सगळी थोर माणसं, ती सगळ्यात शेवटी. तरी तिची घागर भरली, आणि टँकरात पाणी उरलं!

ड्रायव्हरनं नळी गुंडाळता गुंडाळता विचारलं, "येवढी गावं फिरलो, असली लाइन न्हाय बघितली. तुमी कुठल्या पार्टीच्या?"

आत्या म्हणाली, "पुस्तकाच्या!"

*

हा पुढचा किस्सा सांगताना माझी मान थोडी खाली जाते. तरी सांगणार.

त्या काळी खडीवर घागरी वेगळ्या होत्या. कमलच्या वस्तीची घागर एका बाभळीखाली, आमची दुसरीखाली. कमलचं वाचणं सगळ्यांना हवं होतं, तिच्या घागरीला मात्र कुणी हात लावायचं नाही, आणि आमच्या घागरीला तिनं. मीही त्यातलीच. उगीच धुतल्या तांदळाचा आव कशाला आणू!

त्या दिवशी पुस्तकातली थोरली मुलगी दोराला धरून एका कोरड्या विहिरीत उतरत होती. वर तिघं दोर धरून उभी. दोर एका दगडावर घासतोय. एकेक पीळ तुटतोय. आमचे हातोडे बंद. आणि नेमका कमलचा घसा बसला.

तिनं खाकरून पाहिलं. आवाजच फुटेना. त्यांची घागर सकाळीच रिकामी झाली होती. आमची भरलेली होती, चार पावलांवर. कमल तिकडं बघेना आणि आम्ही कमलकडं बघेना. मी खडीत काहीतरी हरवल्यासारखं करत बसले.

रखमाआत्या शिवताशिवतीत सगळ्यांत कडक. ती उठली. मला वाटलं, आता ही पोरीला बोलणार. आत्यानं आमच्या घागरीतला तांब्या भरला, कमलच्या तोंडापुढं धरला आणि आमच्यावर खेकसली,

"पोरगी हिरीत लोंबकळतीया, अन् तुमी घागरी कसल्या बघत बसलाव? पी गं बाई! पी, अन् काढ तिला वर!"

दुसऱ्या दिवशी दोन्ही घागरी एकाच बाभळीखाली होत्या. कुणी ठेवल्या ते कुणी विचारलं नाही.

*

पण विहिरीतली मुलगी वर आलीच नाही!

कमल पाणी प्यायली, पान संपवलं, उलटलं, तर पुढं काहीच नाही. पुस्तक तिथंच तुटलेलं.

"काल तर व्हती की पानं!" कमल रडकुंडीला आली.

खडीवर धूळ फार म्हणून ती पुस्तक रोज संध्याकाळी हसनभाईच्या हाटेलात, रद्दीच्या टोपलीजवळ ठेवायची. हाटेल म्हणजे चार बांबू आणि एक कढई. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्ही पुढनं वाचत होतो, आणि हसनभाई मागनं फाडत होता! भजी बांधायला!

बारा बायका हातात हातोडे घेऊन हाटेलापुढं उभ्या राहिल्या. हसनभाईचा झारा कढईतच राहिला.

"मैं क्या करूं भाबी? रद्दी समजलो! पुठ्ठा न्हाय, नाव न्हाय..."

"पण मागनंच का फाडलं?" मी ओरडले.

"मागनं फाडायला सोपं जातंय की!"

भजी खाल्लेल्या माणसांच्या मागं आम्ही दोन दिवस लागलो. काहींनी कागद फेकला होता, काहींनी चुलीत घातला होता. एका रोलरवाल्याच्या खिशात एक तुकडा सापडला. तेलानं असा माखलेला की पलीकडचा माणूस दिसावा! कमलनं तो उन्हात धरला. एकच ओळ लागली, तीही अर्धी.

"ती वर आली तेव्हा तिच्या हातात..."

पुढं तेल.

वर आली! आम्ही एवढ्या ओरडलो की मुकादम पळत आला. पण हातात काय? कुणी म्हणालं कळशी. कुणी म्हणालं सोनं. मी म्हणलं, सोनं घेऊन काय चाटायचंय?

रखमाआत्यानं खाली वाकून चिमूटभर धूळ बोटांत चोळली. मग म्हणाली, "वली माती. वली माती असंल तिच्या हातात. आता ती चौगं खांदतील, अन् पाणी लागंल."

 त्या दिवशी आमच्या टोळीची खडी मापापेक्षा दीडपट भरली.

*

पुढं कमलची शाळा परत सुरू झाली. जाताना तिनं पुस्तक माझ्या हातात दिलं. "आक्का, शेवट कुठंतरी छापलेला असणारच. सापडंल तवा मला सांगा."

सापडंल ते ठीक, पण वाचणार कोण? मला पांढऱ्यावरचं काळं कळत नव्हतं. आणि मला शेवट पाहिजे होता! दुसऱ्याच्या तोंडून नाही, माझ्या डोळ्यांनी. नवऱ्याच्या मागं सोन्यासाठी लागले नाही मी, साडीसाठी लागले नाही, पण त्या पोरीच्या हातात काय होतं ते मला समजल्याशिवाय मी मरणार नव्हते.

मग मी रस्त्यावरच्या मैलाच्या दगडांपासून सुरुवात केली. कुठल्या दगडावर कुठलं गाव ते ठाऊक होतं. 'ईट'मधून ई आणि ट मिळाले. 'भूम'मधून भ आणि म. तुळजापूरच्या एसटीच्या पाटीनं तर एका दमात पाच अक्षरं दिली! रविवारी कमल यायची आणि खडी मांडून काना-मात्रा दाखवायची.

वर्ष गेलं. एक दिवस मी एकटीनं पुस्तक उघडलं, बोट ठेवलं आणि घाम पुसत पुसत आयुष्यातलं पहिलं वाक्य वाचलं.

"तिथे पाणी नव्हते."

मी पुस्तक मिटलं. अरे, एवढ्यासाठी वर्षभर डोळे फोडले? हे तर मला न वाचताच ठाऊक होतं!

*

ऐंशीनंतर गावात बायकांची दूध सोसायटी झाली. संकलन उरकलं की ती खोली दिवसभर रिकामी. मी चेअरमन, विचारायचं कुणाला? एक कपाट आणलं, पुस्तकं जमवली आणि दारावर माझ्या हातानं पाटी लिहिली: "पान दुमडणारीला दुसरे पुस्तक मिळणार नाही." पान दुमडलं म्हणून मी पोरींना रडवलेलं आहे. मला पश्चात्ताप नाही.

आमचं ते बिननावाचं पुस्तक कायम बाहेर. एकीकडून दुसरीकडं.

एक दिवस शाळेचे गुरुजी आले. "गयाबाई, मुलींचं मन कच्चं असतं. जग बुडालं, माणसं मेली, हे कशाला देता त्यांना? भीती बसेल."

मी तोंड उघडायच्या आत रखमाआत्याची नात सुरेखा, चौदा वर्षांची, दुधाचा कॅन घासता घासता म्हणाली, "गुरुजी, जग बुडतंय पयल्या धा पानांत. म्होरं दीडशे पानं निसतं जगणंच चालू असतंय!"

गुरुजींनी पुस्तक उचललं. जाताना म्हणाले, "बघतो एकदा चाळून." काखेत मारून घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या आधीच गुरुजी दारात हजर. धाप लागलेली. "गयाबाई! ती मुलगी विहिरीत आहे! शेवट कुठाय?"

म्हणलं, "भज्यात गेला, गुरुजी!"

*

आणि एक दिवस शेवट आला.

कमल तोवर स्वतः शिक्षिका झाली होती, लातूरकडं. सोलापुरात जुन्या पुस्तकांच्या ढिगात तिला तेच पुस्तक दिसलं. अख्खं! तिनं एक अक्षरही पुढचं वाचलं नाही. पुस्तक पदरात बांधलं, लेकीला कडेवर घेतलं आणि एसटीनं थेट आमच्या गावी आली.

सोसायटीच्या खोलीत टोळी जमली. बारापैकी नऊ उरलो होतो. रखमाआत्याला दोघींनी धरून आणलं. हसनभाई म्हातारा झाला होता, पण भज्यांची पाटी डोक्यावर घेऊन आला. "मेरा गुन्हा है, भजी मेरी तरफ से!" म्हणाला. दारात गुरुजी, खिडकीत पोरी.

कमलनं पुस्तक माझ्यापुढं धरलं. "तुम्ही वाचा, आक्का."

मी ओळीखाली बोट ठेवलं. मी खडखडीत आवाजात सुरू केलं.

"ती वर आली तेव्हा तिच्या हातात एक जुना वायरलेस होता."

मी थांबले.  पुढं वाचलं. मुलीनं वायरलेसची कळ दाबली. पलीकडून एका मोठ्या माणसाचा आवाज आला. विमान आलं. पोरांना उचललं. दूरच्या शहरात नेलं. तिथं सगळं शिल्लक होतं: दिवे, नळ, गाद्या. पोरांना गरम जेवण वाढलं. ती झोपली. समाप्त.

मी पुस्तक मांडीवर ठेवलं. बाहेर म्हैस ओरडली तेवढंच.

"खांदलंच न्हाय?" रखमाआत्या म्हणाली.

"न्हाय, आत्या."

"इमान आलं?"

"व्हय."

"अन् आयतं ताट वाढलं?"

"व्हय."

आत्यानं खिडकीतल्या पोरींकडं बघितलं. सुरेखाकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"गया, फाड ती पानं."

समोर दारावर माझ्याच हातची, पान दुमडू न देणारी पाटी. मी कमलकडं पाहिलं. शिकलेली बाई, मास्तरीण, पंधरा वर्षं याच पानांसाठी रद्दी धुंडाळलेली. ती खाली बघत होती. मग माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली,

"अकरा हैत, आक्का. मुळापासनं धरा, म्हंजी सरळ निघतील."

टर्रर!

मी पानं हसनभाईच्या हातात दिली. त्यानं पहिल्या पानाचा कोन केला, मूठभर भजी भरली आणि सवयीनं विचारलं, "पहले किसको?"

आम्ही नऊजणी एकदम ओरडलो, "लहान आदी!"

आणि पहिला पुडा कमलच्या लेकीच्या हातात गेला.